राजूबाईची फुंकणी

मन्नाएखेळ्ळीला हायवेच्या कडेला सिद्धप्पाची खानावळ आहे. पुढं बाकडी, मागं पत्र्याच्या आडोशाला तीन चुली. मधल्या चुलीवर राजूबाई एकोणीस वर्षं भाकरी करते आहे. त्यातले दहा महिने ती तिथं नव्हती. ही गोष्ट त्या दहा महिन्यांची आहे.

राजूबाई बावन्न वर्षांची. हाडापेराने आडवी, बोलायला कमी, हसली तर आवाज न करता हसणारी. तिचे हात मात्र बोलतात. ज्वारीची भाकरी थापताना तिच्या तळहातांचा जो ठेका पडतो, तो ऐकूनच ट्रक ड्रायव्हरांना कळतं की आज चुलीवर तीच आहे, असं सिद्धप्पा सांगतो. सिद्धप्पा बरंच काही सांगतो, पण एवढं खरं असावं.

पहिल्यांदा तिला ते झालं बसमध्ये. बस भरलेली, ऊन कडक, ती दाराजवळ उभी. अचानक छातीत कुणीतरी जातं फिरवायला लागलं. बोटांना मुंग्या आल्या, तोंड कोरडं पडलं, आणि आपण आता मरणार हे तिला इतकं स्पष्ट कळलं की शेजारच्या बाईला ती म्हणाली, "घरी सांगा, पीठ भिजवून ठेवलंय." दवाखान्यात तिच्या छातीला तारा लावून कागद काढला. कागद चांगला होता. रक्तही चांगलं होतं. तिथल्या नेत्रावती सिस्टरने तिला बाकावर बसवलं.

"अक्का, तुमचं काळीज धड आहे. हा घाबरल्याचा झटका आहे. अंगाला वाटतं वाघ आलाय, आणि वाघ तर नसतोच. पंधरा-वीस मिनिटांत उतरतो. परत आला तर श्वास घ्यायच्या मागं लागू नका. सोडायच्या मागं लागा. हळू, लांब."

"सोडायचा म्हंजे कसा? त्यो तर आपसुकच सुटतोय की."

नेत्रावतीने ओठ गोल करून दाखवलं. राजूबाईला ते काही जमलं नाही. सिस्टरच्या ओठांकडं बघताना तिला हसू येत होतं.

दुसऱ्यांदा झालं ते आषाढातल्या मंगळवारी, गावच्या मरगम्माच्या देवळापुढं. हलगी वाजत होती, धुपाचा धूर कोंडला होता, बायकांची रेटारेटी. राजूबाईच्या छातीत जातं फिरलं. ती थरथरली, डोळे मोठे झाले, हात वर गेले. तिच्या थोरल्या जावेनं, कमलबाईनं, ते पाहिलं आणि ती ओरडली, "आली! आई आली!" हलगी दुप्पट जोरात वाजू लागली. कुणी तिच्या कपाळाला मळवट भरला, कुणी पायावर पाणी ओतलं. राजूबाई म्हणत होती, "सोडा मला, जीव घाबरायलाय." पण हलगीत ते कुणाला ऐकू गेलं नाही. आणि गेलं असतं तरी देवी पहिल्या वेळी असंच बोलते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या गर्दीत पप्पू नावाचा एक शेतकरी पुढं सरकला. त्याचे दोन बोअर कोरडे गेले होते. "आई, तिसरा कुठं मारू?" राजूबाईच्या बोटांना मुंग्या आलेल्या, हात बधिर. तो तिनं झटकला. झटकला तो उत्तरेकडं. पप्पूनं रानाच्या उत्तरेला बोअर मारला, आणि पाणी लागलं.

एवढ्यावर सगळं ठरून गेलं.

मंगळवारी तिच्या अंगणात माणसं येऊ लागली. देवी येणाऱ्या बाईनं हायवेवर दहा जातीच्या लोकांसाठी भाकरी थापायची, त्यांच्या उष्ट्या ताटांशेजारी बसायचं, हे गावाला बरं दिसेना. तिचा नवरा किशनराव मुळात साधा माणूस, तीन एकर तूर-सोयाबीनमध्ये आयुष्य गेलेलं. चहाच्या टपरीवर त्याला आजवर कुणी सरकून जागा दिली नव्हती. आता लोक उठून उभे राहत. त्यानं अंगणात तिच्यासाठी पाट मांडला, वर छप्पर घातलं.

"अवं, मला खानावळीत जाऊ द्या," ती म्हणायची. "हाताला काम न्हाई तर जीव जास्ती घाबरतो."

"आईनं धरलेल्या हातानं कामून पीठ मळायलीस?" किशनराव म्हणायचा. रागानं नाही, समजूत घालावी तसा. तेच वाईट होतं. रागाला तिनं उत्तर दिलं असतं.

त्या दिवसांत तिला काय वाटत होतं हे ती आज दोन वाक्यांत सांगते. "माझं अंग माझं नव्हतं. भ्यायचे मी, आन् हात जोडायचे लोक." मंगळवार जवळ आला की सोमवारपासूनच तिचा श्वास वर वर चालायचा, आणि मंगळवारी हलगी सुरू झाली की झटका यायचाच. लोक म्हणत, आई वेळेची पक्की आहे. भोवतीच्या बायका सांगत, "दम घे, राजक्का, दम घे." ती दम घ्यायची. आत जागा नसायची, तरी घ्यायची. जितका घेई तितकी गुदमरे.

सुगी झाली, तुरी बाजाराला गेल्या, ऊन चढलं. चैत्रातल्या एका मंगळवारी लोकांच्या जेवणासाठी अंगणात चूल मांडली होती. लाकडं ओली. कमलबाई फुंकून फुंकून थकली, डोळ्यांत पाणी आलं. पाटावर बसलेल्या राजूबाईला ते बघवेना.

"अगं, असं फू-फू केल्यावर राखच उडंल. सरक." तिनं फुंकणी हातात घेतली. लोखंडाची, हातभर लांब, टोकाला काळी. गालांनी फुंकायचं नाही, पोटातून सोडायचं. बारीक, सरळ, संपेपर्यंत. संपलं की छाती आपोआप भरते, तिला सांगावं लागत नाही. हे तिला तीस वर्षं येत होतं. निखाऱ्यानं लाली धरली, ज्वाळ उठली. आणि तिच्या लक्षात आलं की सकाळपासून वर अडकलेला श्वास खाली बसलाय. खांदे उतरलेत. बोटं ऊबदार झालीत.

ती चुलीपुढं तशीच बसून राहिली. नेत्रावती सिस्टरचे गोल केलेले ओठ तिला आठवले. ती बाई फुंकणीच दाखवत होती की! फक्त हातात नळी नव्हती.

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. पण रोज न्हाणीच्या मागं बसून विझत्या शेणीवर ती फुंकून बघायची. झटका येऊ लागला की पाय जमिनीवर घट्ट दाबायचे, फुंकणी घ्यायची. पहिले चार-पाच श्वास मोडायचे. ते मोडणारच, हे तिनं धरून चालायचं. मग सहावा लांबायचा. चुलीलाही पहिल्या फुंकेत कुठं पेटायची सवय असते?

वैशाखातल्या मंगळवारी कमठाण्याहून मंजुश्री नावाची एक बाई आली. तिच्या खांद्यावर दोन वर्षांची पोर होती. पोरीचे ओठ निळसर. हलगी वाजत होती, धुपाटण्यात धूप जळत होता, अंगण भरलं होतं. मंजुश्री पाटापुढं गुडघ्यावर बसली.

"आई, डॉक्टर म्हंतेत ऑपरेशन करा. घरचे म्हंतेत आईला इचार, मग जा. नेऊ का नको? हातानं सांग. हो असंल तर उजवा."

राजूबाईनं पोरीकडं पाहिलं. त्याच क्षणी छातीत जातं फिरलं. बोटांत मुंग्या शिरल्या. हात हलणार होता, आणि तो कुठला हलणार, हे तिला ठाऊक नव्हतं. डावा हलला असता तर ही बाई पोरीला घेऊन घरी गेली असती.

"आली, आली!" कमलबाई ओरडली. "वाजवा रे!"

राजूबाईनं दोन्ही तळहात पाटावर दाबले. भाकरी थापायच्या आधी परातीत दाबतात तसे. "हलगी," ती म्हणाली, "बंद."

हलगी थांबली. आईची आज्ञाच होती.

"फुंकणी द्या."

लोकांत कुजबुज झाली. इतर बायांच्या अंगातल्या आईनं आजवर लिंबू मागितलं होतं, चोळी मागितली होती, फुंकणी पहिल्यांदाच. एकानं धावत जाऊन ती आणली. कमलबाईनं फुंकणीला हळद-कुंकू लावलं, मग दोन्ही हातांनी पुढं केली. राजूबाईनं धुपाटणं जवळ ओढलं आणि फुंकलं. पहिला श्वास तुटला; राख उडाली, पुढच्या बायकांनी ती कपाळाला लावली. दुसरा तुटला. तिसरा. छाती म्हणत होती, घे, घे, नाहीतर मरशील. तिनं घेतला नाही. सोडला. सातव्या फुंकेला कोळसा कडेनं लाल झाला. आठव्याला आत. सगळं अंगण त्या कोळशाकडं बघत होतं. तो मंद होई, पुन्हा उजळे, आणि बघणाऱ्यांचेही श्वास नकळत त्याच्या मागं चालू लागले. मंजुश्रीच्या खांद्यावरची पोर झोपून गेली.

बऱ्याच वेळानं राजूबाईनं फुंकणी खाली ठेवली. आवाज तिचाच होता, रोजचा.

"बाई, मी भाकऱ्या करणारी हाय. मला घाबरं व्हतं, त्यानं हात उडतो. त्यात सांगणं-बिंगणं काई न्हाई. डॉक्टर म्हंतोय तर आज ने लेकराला. आत्ता ने."

मंजुश्री उठली, पदर खोचला आणि पोरीला सावरत रस्त्याकडं निघाली. फाटकापर्यंत ती चालत गेली, पुढं पळत.

"मग आई?" कमलबाईचा आवाज चिरकला. "दहा महिने आई कोण हुती गं?"

"आई तिथं हाय," राजूबाईनं देवळाकडं बोट केलं. "भित हुते ती मी. अक्का, देवी कुणाला भेत असती व्हय?"

मागून पप्पू म्हणाला, "आन् माझं पाणी?"

"तुझं पाणी तुझ्या रानातच हुतं, बाबा. मी माशी हाकलावी तसा हात झटकला."

पप्पूनं मान डोलावली. "मग माशीला तरी नारळ फोडावा म्हंतो." कुणीतरी फसकन हसलं, आणि मग अंगण मोकळं व्हायला लागलं. किशनराव छपराच्या खांबाला टेकून उभा होता. सगळे गेल्यावर त्यानं पाट उचलून भिंतीला लावला आणि तिथंच उकिडवा बसला.

"दहा महिने मला सांगायलीस," तो म्हणाला. "मीच ऐकंना."

"हलगी लई मोठ्यानं वाजायली हुती," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मोटरसायकल काढली. राजूबाई मागं बसली. फुंकणी तिनं टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होती. खानावळीच्या मागच्या बाजूला मधल्या चुलीवर सिद्धप्पानं गॅसची शेगडी बसवली होती.

"याऽ आई!" सिद्धप्पानं हात जोडले. "नैवेद्य काय करू?"

"आधी ती शेगडी काढ, अण्णा. मग पीठ चाळ."

"लोक रोज शिव्या देयलेत अक्का मला. म्हंतेत ही भाकरी हाय का पुठ्ठा."

ती चुलीपुढं बसली. झटका तिला पुन्हा आला. त्याच आठवड्यात आला, भर जेवणाच्या वेळी, सात ताटं थांबलेली. तिनं परात बाजूला सारली, पाय जमिनीवर दाबले, फुंकणी उचलली. बाहेर एका ड्रायव्हरनं विचारलं, ठेका कामून थांबला? सिद्धप्पा म्हणाला, "जरा थांब की. चूल फुंकायलीय."

थोड्या वेळानं ठेका सुरू झाला. फुंकणीवरचं कुंकू तेवढं आचेनं काळं पडलं होतं; ते तिनं पुसलं नाही, की पुन्हा लावलंही नाही.