वाल कधी पेरायचे

रोह्याकडच्या आमच्या गावात वाल कधी पेरायचे हे बाबा ठरवत. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. भात कापून झालं की ते रोज सकाळी शेतात जात, मूठभर माती दाबून गोळा करत आणि खाली टाकत. गोळा पडून फुटला आणि बांधावरच्या दवाने पाय भिजले, की पेरणी. ओल जास्त असली तर बी कुजतं, उडाली तर उगवत नाही, आणि पुढे पाऊस नसताना वालाला जगवतं ते दवच. बाबांनी बियाण्याची टोपली उचलली की शेजारीपाजारी आपापली उचलत. टीव्हीवरची हवामानवाली यांनाच विचारून बोलते की काय, असं आई म्हणायची.

मागच्या वर्षीही माती फुटली, पाय भिजले. बाबांनी पेरलं, म्हणून सगळ्यांनी पेरलं. आणि कोंब वर यायच्या आत, दिवाळी उलटून गेल्यावर, धो धो पाऊस झाला. सगळ्यांचं बी जमिनीतच कुजलं. थंडीत मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लावायलासुद्धा गावाने त्या पेणच्या बाजारातून आणल्या. बाबांना मात्र कुणी चकार शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडून बाबा मोकळे तरी झाले असते.

यंदा मी पेणहून माहेरी गेले तेव्हा शेजाऱ्यांचे वाल वर आले होते. मोबाइलवर पावसाचा अंदाज बघून, बाबांना न विचारता त्यांनी पेरून घेतलं होतं. आमचं शेत तसंच पडलेलं. भाऊ नागोठण्याला शिफ्टला निघाला होता. राहिलं तर राहू दे, वाल काय विकत मिळतात, असं तो जाता जाता म्हणाला. मला त्याचा रागच आला.

बाबा पडवीत राखेत घोळलेल्या बियाण्याचं मडकं पुढ्यात घेऊन बसले होते. घरचं जुनं बी, मागच्या पेरणीतून मागे ठेवलेलं, तेवढंच उरलेलं. हेही कुजलं तर आमचा वाल संपला. आईने हळूच सांगितलं की रोज शेतावर जातात, ढग बघतात आणि परत येतात. दुधाने तोंड पोळलं होतं त्यांचं.

मी त्यांच्याबरोबर शेतावर गेले. त्यांनी गोळा करून टाकला, तर त्याचा पार भुगा झाला. ओल चालली होती. वर ढग होते, गवत कोरडं होतं. बाबांनी हाताची माती झटकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू सांग गो. पेरू की नको?"

साधी म्हैस घेतानाही या माणसाने घरात कुणाला विचारलं नव्हतं. आणि मला काय कळत होतं? पेणला रामवाडीतल्या माझ्या खिडकीत एक तुळस आहे, तीही धड जगत नाही. पण त्यांच्याकडे बघून तसं सांगवेना.

"पेरा," मी म्हणाले.

"बरं," म्हणून ते मडकं आणायला वळले. वाद नाही, खेकसणं नाही. जन्मात पहिल्यांदा बाबांनी माझं ऐकलं, आणि मी तिथेच बांधावर बसून रडले.