पंचवीसशे वीस लाडू, उणे एक

मंडळी, मी गणिताचा मास्तर, आणि आज कडेगावात एका लाडवापायी पकडला गेलो!

चुलतभावाच्या लग्नाचे लाडू आमच्या रखमाआत्यानं वळले. पुड्यात किती घालायचे यावरून घरात सकाळपासून वाद. आत्या म्हणाली, "भांडत बसा. मी पंचवीसशे वीस वळल्यात. सात घाला, आठ घाला, न्हाईतर दहा घाला, एक बी उरायचा न्हाई."

मी मनात भागून पाहिलं. खरंच! एकपासून दहापर्यंत सगळ्यांनी भाग जातो, त्यांचा लसाविच तो. त्या आनंदात एक लाडू हळूच तोंडात टाकला.

शेवटी सातांवर मिटलं. पुडे भरले, तर शेवटच्यात सहाच!

"तुझं मोजायचं चुकलंय," काका आत्याला म्हणाले. "आठाचे करून बघू."

"आठाचं केलं तर शेवटी सात येतील, दहाचं केलं तर नऊ. एक कुणीतरी खाल्लाय." आत्या माझ्याकडं वळली. "मास्तर, मिशी पूस रं."

सगळं घर लय हसलं.

पंधरा वर्षं लसावि शिकवतोय, पण तो चोर पकडतो हे आज कळलं. उद्या वर्गात हेच उदाहरण घेऊ का? चोर कोण, ते पोरं विचारणारच!