दुसऱ्या सीटची पाठ

साहेबांचे साळे उजवीकडच्या सीटवर बसले आणि विमानाची स्टिक त्यांच्या पोटाला लागली. ते हसून जरा सरकले. साहेब तेव्हा वाकून त्यांचा पट्टा आवळत होते. त्यांनी पाहिलं नाही. मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे दोघं त्या विमानातून उडणार होते.

विमान किटचं होतं. म्हणजे पत्रे, नळ्या, तारा सगळं पेट्यांमधून येतं आणि घेणारा स्वतः जोडतो. साहेब रिटायर्ड इंजिनियर. राहायला सिंदी मेघेला, पण विमानाचं शेड आमच्या कारंज्याजवळच्या त्यांच्या शेतात. त्यांनी विमान एकट्याने उडवून पाहिलं होतं, पाठीला नुसती फळी लावून. कंबर दुखायला लागली तेव्हा ते हायवेवरच्या आमच्या दुकानात आले. आम्ही ट्रकच्या सीटा करतो. पत्रा आणि रिव्हेट आमचे हे पाहतात, फोम आणि शिलाई माझी.

सीटची पाठ म्हणजे अॅल्युमिनियमचा पत्रा, कडेने पट्ट्या आणि खाली एक लांब बिजागरी. वरून फोम, त्यावर रेक्झिन. ट्रक ड्रायव्हरला कमरेशी फुगीर पाठ लागते. तसाच तीन इंच फोम मी इथेही भरला. माप साहेबांना बसवून घेतलं. साहेब किडकिडीत. दुसरी पाठ त्याच मापाने केली. तिला टेकून कोण बसणार, हे मी विचारलंच नाही.

स्टिक म्हणजे उभा दांडा. दोन्ही सीटांपुढे एकेक. मागे ओढला की विमानाचं तोंड वर होतं. उतरताना तो पूर्ण मागे यावा लागतो, नाहीतर विमान तोंडावर आपटू शकतं. दोन्ही दांडे खालून जोडलेले आहेत. एक अडला की दुसराही अडतो. साहेबांनीच पहिल्या दिवशी हलवून दाखवलं होतं.

शेडमध्ये हे सामान आवरत होते. मी जवळ जाऊन हळूच सांगितलं.

"त्याइच्या पोटाले दांडा लागून राह्यला."

"ते जाड हायेत. त्याले आपण काय करू?"

"फोम मी जास्त भरला. माणूस पुढे आला."

"चूप राय. इंजिनियर हाय तो. त्याले समजत नाई अन् तुले समजते काय?"

मी सुया डब्यात ठेवल्या. चार माणसांत मी बोलत नाही. दुकानात गिऱ्हाइकाशीही हेच बोलतात. हे पिशवी घेऊन दारापर्यंत गेले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र धावपट्टीवर तोंडावर पडलेलं विमान, आणि आत माझं रेक्झिन.

"साहेब," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. "स्टिक पूर्ण मागे ओढून पाहा ना."

"सकाळीच पाहिली ताई. पूर्ण येते."

"सकाळी ह्या सीटवर कोणी नव्हतं."

साहेब वळसा घालून पलीकडे गेले. मग आपल्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि स्टिक ओढली. ती बोटभर अलीकडेच थांबली. त्यांनी पुन्हा ओढली. साळे कळवळले.

"भाऊजी, पोट हाय ते. थांबा, मी आत घेतो."

"उतरेपर्यंत श्वास धरून बसशील काय?"

साळ्यांनी आत घेतलेलं पोट सोडलं. साहेबांचा चेहरा उतरला होता. स्टिकवरचा हात त्यांनी काढला नाही. "सीट रिकामी ठेवून पाहिली मी," ते म्हणाले. "गाढवपणा झाला."

"फोम माझा हाय साहेब," मी म्हणाले. "चूक माझी."

ह्यांनी दाराशी पिशवी खाली ठेवली. मला वाटलं आता रागावतील. हे आत आले आणि स्क्रूड्रायव्हर मागितला.

दोन्ही पाठी आम्ही काढल्या. रेक्झिन उसवलं, फुगीर भाग कापून फेकला, फोम एक इंचावर आणला. साळ्यांना पट्टा आवळून पुन्हा बसवलं. स्टिक शेवटपर्यंत आली आणि पोटापुढे दोन बोटं जागा उरली. तरी साहेबांनी उड्डाण दोन दिवस पुढे ढकललं. दोघांना बसवून, जमिनीवरच, कितीतरी वेळा स्टिक ओढून पाहिली.

ते उडाले तेव्हा मी शेडच्या मागे होते. मला बघवत नव्हतं. इंजिनाचा आवाज दूर गेला, बारीक झाला, परत आला. मग चाकं जमिनीला लागल्याचा आवाज झाला, आणि मी भिंतीला टेकून खाली बसले.

साळे कंबर धरून उतरले.

"ताई, पाठ लई कडक केली तुमी. कंबर मोडली माई."

मी पदर ओढून घेतला. कंबर दुखायला माणूस खाली तर उतरला पाहिजे.