लाल-काळा मफलर

क्राइस्टचर्चच्या भूकंपानंतर रिकार्टन भागातल्या लाँड्रोमॅटमध्ये, म्हणजे पैसे टाकून कपडे धुवायच्या दुकानात, दर शनिवारी एक म्हातारा गोरा भेटायचा. पूर्वी शाळेत रोमचा इतिहास शिकवायचा म्हणे. त्याच्या घराखालचे सांडपाण्याचे पाइप भूकंपात फुटले होते, ते अजून तसेच होते. ड्रायरमधला गरम टॉवेल आधी गालाला लावायचा, मगच घडी घालायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

त्या शनिवारी भिंतीवरच्या टीव्हीत शहरातलं नवं रग्बी स्टेडियम दाखवत होते; संध्याकाळी तिथे पहिली मॅच होती. मंत्री खेळाडूंच्या मधोमध उभे राहून दात दाखवत होते.

"निदान हे तरी झटपट बांधलं," मी म्हटलं.

"रोममध्येही हीच घाई," तो टॉवेलची घडी दाबत म्हणाला. "गरिबांच्या चाळी कोसळायच्या आणि सम्राट आखाडे बांधायचे. आखाड्यात खेळ बघत बसलेला माणूस घराचं विचारत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं."

चला, एक तरी माणूस यांना भुलला नाही, असं मला वाटलं. तेवढ्यात त्याने कपड्यांतून इथल्या रग्बी संघाचा लाल-काळा मफलर काढून गळ्यात घातला.

"तुम्हीही मॅचला निघालात?"

"हो," तो म्हणाला. "आमच्या अख्ख्या गल्लीला रस्त्यावरचा एक प्लॅस्टिकचा संडास आहे. स्टेडियममध्ये फ्लश आहे."