अ‍ॅसिडवाल्याची अट

आमच्या लातूरच्या बोअरच्या पाण्यानं बाथरूमच्या फरशीवर पांढरा थर चढतो, म्हणून दर रविवारी एक अ‍ॅसिडवाला स्कूटरला कॅन बांधून गल्लीत येतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना अधूनमधून वाक्याच्या शेवटी ‘का न्हाई?’ लावतो, पण उत्तरासाठी थांबत नाही. बाटली भरताना स्वतःचं तोंड तेवढं दुसरीकडे फिरवतो.

मला अ‍ॅसिड जहालच लागतं. धूर निघाल्याशिवाय फरशी स्वच्छ झाली असं मला वाटतच नाही. अ‍ॅसिड मी निवडायचं आणि फरशी बायकोनं घासायची, अशी आमच्या घरातली जुनी वाटणी.

परवा तो बाटली भरणार, तेवढ्यात आत बायकोला खोकल्याची उबळ आली. त्यानं कॅनचं झाकण पुन्हा आवळलं.

“साहेब, अक्काला दमा हाय, का न्हाई?”

“डॉक्टर म्हणतात तसं. तू भर बाटली.”

“न्हाई भरत.” त्यानं डिकीतून लिंबूसत्वाची पुडी काढली. “हे गरम पाण्यात कालवून वता, अर्धा तास ठेवा, मग घासा.”

“लई वेळ जातो रे त्यात. हात भरून येतात.”

“कुणाचे?”

शेजारच्या दारातल्या दोघी खुसखुसल्या.

“अ‍ॅसिडच पायजे तर देतो,” तो म्हणाला, “पण आज घासायचं तुम्ही. दार लावून. मी हितंच थांबतो.”

मी पुडी घेतली. माझ्या छातीचा प्रश्न आल्यावर लिंबूसत्वाचे गुण मला एका मिनिटात पटले.