पऱ्हाटीची भिंत आणि नऊ अंश

मेहकरला उतरून साखरखेर्ड्याची बस धरली आणि थोड्याच वेळात रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरे मांडव दिसू लागले. पहिल्या फेरीला मी ते लग्नाचे समजले होते. एवढी लग्नं एकाच शिवारात कशी, असं कंडक्टरला विचारून स्वतःचं हसंही करून घेतलं होतं. ती शेडनेट, म्हणजे सावलीच्या जाळीची घरं असतात. आत मिरचीचं बियाणं तयार होतं. बायका एकेका फुलावर हाताने पराग लावतात आणि खूण म्हणून लोकरीचा धागा बांधतात.

मी पुण्यात आर्किटेक्चर शिकवते. शेवटच्या वर्षाला आम्ही नियम केला आहे : नुसता कागदावरचा आराखडा चालणार नाही. जागेवर जाऊन प्रश्न शोधायचा, लहानसं काही बांधायचं, मोजायचं आणि आकडे सांगतील तसं पुन्हा बांधायचं. माझ्या विद्यार्थिनीने, मुक्ताने, या बायकांना दुपारी धड बसायला जागा नाही, हा प्रश्न घेतला. फेब्रुवारीत सुमनबाईंच्या शेतात आम्ही पऱ्हाट्यांच्या (कापूस वेचून उरलेल्या काटक्या) दुहेरी भिंतींची खोली उभी केली आणि आत तापमान नोंदवणारा छोटा डबा टांगला; त्याची एक तार बाहेरचं तापमानही टिपत होती. महिन्याने त्याचे आकडे घ्यायला निघालो होतो. सोमवारी मुक्ताची परीक्षा होती. शिवाय शेजारच्या चार शेतांतल्या बायका या आकड्यांसाठी खोळंबल्या होत्या. खोली खरंच थंड असेल, तरच त्या तशी बांधणार होत्या.

शेतावर पोचेपर्यंत अकरा वाजले. मुक्ताने चप्पलही न काढता आकडे संगणकावर घेतले आणि माझ्याकडे वळली.

"मॅडम, नऊ अंश. बाहेरपेक्षा नऊ अंशांनी थंड."

मी आत जाऊन उभी राहिले. बरं वाटत होतं, पण नऊ अंशांइतकं नव्हे. शिकवून शिकवून मला एवढं कळलं आहे, की पहिल्याच फटक्यात हवा तसा आकडा आला तर आधी डबा तपासावा. डब्याला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं.

मी विचारलं तेव्हा सुमनबाई फुलं सोडून बाहेर आल्या. पन्नाशीच्या, बोटांना पिवळा पराग लागलेला. चूक झाली असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"त्याले गरम होऊन राह्यलं होतं, मॅडम. म्हनलं, पोरीची वस्तू खराब नको व्हायले. रोज सकाळी फडकं भिजवून बांधत होती मी."

"घरच्या मालकाले कधी ओला रुमाल नाही देला हिनं," शेडनेटमधून त्यांच्या जाऊबाई, रंजनाबाई म्हणाल्या. "डब्ब्याले देला."

सगळ्या हसल्या. मुक्ता बांधावर जाऊन बसली. महिन्याभराचे आकडे वाया गेले होते. मी तिची समजूत घातली नाही. पिशवीतला दुसरा तापमापक काढून तिच्या हातात दिला. दोन तास मोजल्यावर कोरड्या खोलीत फरक निघाला जेमतेम दोन अंशांचा.

जेवायला कळण्याची भाकर (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) आणि ठेचा होता. ठेचा बियाण्याच्या महागड्या मिरचीचा नाही, हे मला दोनदा सांगण्यात आलं. मुक्ताने भाकरी हातात तशीच धरून सुमनबाईंना सांगितलं, की खोली तेवढी थंड नाही, शेजारणींना बांधू नका म्हणा. हे सांगणं तिला सोपं गेलं नाही. सुमनबाईंनी घास संपवून विचारलं,

"फडक्यानं डब्बा थंड होते, तं भिंत काऊन नाही होनार?"

ठिबक सिंचनाचा फिल्टर रोज धुतात. ते पाणी चारीत वाहून जातं, हे आम्ही फेब्रुवारीत पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. रंजनाबाईंनी पोती आणली, मुक्ताने ती भिंतीच्या दोन थरांमध्ये सोडली, आणि फिल्टरचं पाणी पाइपाने वरून दिलं. पहिल्या झटक्यात पाइप निसटून मी नखशिखान्त भिजले. खोलीपेक्षा माझंच तापमान आधी उतरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी फरक पाच अंशांचा आला. डबा उघडा होता. मी तीनदा बघितला.

परतीच्या बसमध्ये मुक्ताने विचारलं, फडक्याचा महिना अहवालातून काढून टाकू का? मी म्हटलं, तोच पहिल्या पानावर घाल. तिने घातला. परीक्षकांनीही सर्वांत जास्त वेळ त्याच पानावर घेतला. पण एका दिवसाच्या पाच अंशांवर चार खोल्या बांधायला सांगणं मला पटत नव्हतं. पूर्ण एप्रिल मोजायचं ठरलं. आकडे वाचून फोनवर सांगायचं काम सुमनबाईंनी घेतलं.

त्यांचा फोन रोज तीन वाजता येतो. आधी बाहेरचा आकडा, मग आतला. काल फरक चारच अंशांचा होता, तोही त्यांनी जसाच्या तसा सांगितला. मग म्हणाल्या, "उघडाच ठेवला हाय डब्बा. पाहवत नाही मले, पन हात नाही लावत."