सव्वा तासाच्या विमानात गरम रोडगे

हैदराबादच्या मावशीचा पाय मोडला आणि प्लास्टरमध्ये अडकलेल्या तिनं फोनवर आईकडे एकच मागितलं, "अक्का, तुह्या हातचे गरम रोडगे खावेसे वाटतात व."

गुडघ्यांमुळे आईला आगगाडीचा लांबचा प्रवास झेपत नाही. मी संभाजीनगर–हैदराबाद विमान शोधलं. हवेतलं अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, वेळ सव्वा तास. आईनं तेवढंच ऐकलं.

"सव्वा तास? मंग त गरमच पोचतात!"

आदल्या दिवशी मी समजावलं, की आमच्या दुसरबीडहून विमानतळ दोन तास, विमानाच्या दोन तास आधी हजर, उतरल्यावर पुन्हा शहरातली गर्दी. ती म्हणाली, "थे तुहं गणित. मी चांगले बांधून घेतो."

पहाटे अंगणात गोवऱ्या पेटल्या. भरड कणकेचे गोळे विस्तवात भाजून, झटकून, जुन्या लुगड्यात आणि वर गोधडीत बांधले. वांग्याची भाजी मात्र मी मोठ्या बॅगेत टाकायला लावली. रश्शाचा डबा हातात नेऊ देत नाहीत, हे तुम्हीही लक्षात ठेवा. चहा वाटेतच पिऊन घ्या, विमानतळावरचा महाग पडतो.

तपासणीच्या यंत्रात गोलगोल गोळे दिसले आणि गाठोडं बाजूला निघालं. तिथल्या पोलीस मुलीनं गोधडी उलगडली, हात लावला आणि हसलीच.

"मावशी, रोडगे? आणि भाजी कुठंय?"

"सामानात टाकली माय. या पोरीनं हातात घेऊच नाही देल्ली."

विमानात खरी अडचण झाली. कर्मचारी मुलगी म्हणाली, "आंटी, इसे सीट के नीचे रखिए."

"खाने की चीज है बाई. पैर के पास नहीं रखते."

माझा जीव टांगणीला. पण मुलीनं लोकांच्या बॅगा सरकवून गाठोडं वर, डोक्यावरच्या कप्प्यात ठेवलं. आई मग खिडकीला नाक लावून बसली. "धुऱ्यायनं आखल्यासारखं दिसून राह्यलं वावर!" शेतांच्या बांधांच्या त्या रेघा ढगांआड जाईपर्यंत ती बोलत होती.

मावशीच्या घरी पोचेस्तोवर दुपार टळली होती. आईनं रोडगा फोडला. गार. तिचा चेहराच उतरला.

मी भाजी गरम करून आणली, तशी मावशीनं तीत तो कुस्करला, वर तुपाची धार सोडली आणि लगेच दुसरा घेतला. तिसरा फोडताना म्हणाली, "अक्का, तू गुडघे घेऊन आली. माहा त निसता पाय बरा व्हायचा आहे. गरम खाले मीच येतो."

लग्नानंतर सगळ्या सणांना बोलावलं की 'लई दूर पडते' म्हणणारी मावशी!

घरी परतून हे लिहितेय. जाणाऱ्यांना सांगेन, थेट विमान रोज असेलच असं नाही, आणि दारापासून दारापर्यंत दिवसातला मोठा भाग जातोच. पण सव्वा तास हा आकडा खोटा नाही. त्या आकड्यामुळेच दोघी बहिणींना एकमेकींची घरं जवळ वाटू लागली.

मावशीचं प्लास्टर निघायला अजून वेळ आहे. आई आत्तापासूनच गोवऱ्या आडोशाला रचतेय. मी हसले, तर म्हणाली, "तू तिचं तिकीट पाह्य. विस्तवाचं मी पाह्यतो."